तोच की दुसरा? : कढीलिंबावरील अळी आणि कीटभ्रमरन्याय

दृष्टांत हा निरूपणाचा डोळा आहे. जे बुद्धीला एकाएकी पेलत नाही ते नित्य पाहण्यातल्या वस्तूच्या आधाराने समजावून द्यावे, ही सर्वज्ञांची रीत. केशिराजबासांनी संकलित केलेल्या दृष्टांतपाठात सूत्र, दृष्टांत आणि दार्ष्टांतिक अशी तीन अंगांची मांडणी आहे आणि त्यातील एकशे चौदा दृष्टांत बहुतांशी घरादारातले, शेतामळ्यातले, हाटबाजारातले आहेत. ऐकणाऱ्याने ती वस्तू स्वतः पाहिलेली असते, म्हणूनच तिचा आधार घेता येतो. मग ज्या दृष्टांतातील वस्तू कोणी नीट पाहिलेलीच नाही, किंवा पाहिली पण विपरीत पाहिली, अशा दृष्टांतावर उभारलेल्या सिद्धांताचे काय करावे, हा प्रश्न उपस्थित होतो. महाराष्ट्रात कथाकीर्तनांतून आणि प्रवचनांतून शेकडो वर्षे ऐकू येणारा कीटभ्रमरन्याय हा त्याच जातीचा आहे.

न्याय सर्वांच्या परिचयाचा आहे. भ्रमर एखाद्या कीटकाला धरून आणतो, मातीच्या घरात कोंडतो, त्याच्याभोवती गुणगुणतो. तो कीटक भयाने अहोरात्र भ्रमराचेच चिंतन करतो आणि शेवटी स्वतः भ्रमर होऊन उडून जातो. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने यदुराजास आपले चोवीस गुरू सांगितले, त्या मालिकेच्या अखेरीस हा कीटक येतो. परंपरा त्या अवधूतास श्रीदत्तात्रेय मानते. भास्करभट्ट बोरीकरांची उद्धवगीता एकादश स्कंधावरच असल्यामुळे महानुभावीय अभ्यासकास हे प्रकरण परके नाही.

या न्यायातून लोक दोन अर्थ काढतात. ध्याता ज्याचे ध्यान करतो तोच तो होतो, हा पहिला. दुसरा सहसा बोलून दाखविला जात नाही, परंतु मनात घर करून असतो : एकदा पालट झाला की पूर्वीचा जो होता तो संपला, आता त्याचे काही देणेघेणे उरले नाही. पहिला अर्थ सिद्धांताच्या मुळाशी जाऊन भिडतो. दुसरा घराघरात शिरतो, आणि त्याचे परिणाम भोगणारी माणसे बहुधा वेगळीच असतात.

डोंबिवली पूर्वेस एका वासनिक कुटुंबात हा दुसरा अर्थ असाच शिरला होता. घरात दोघे भाऊ. थोरल्याने मामांकडून कर्जाऊ रक्कम घेऊन दुकान काढले. ते चालले नाही. पुढे त्याला विरक्ती झाली आणि त्याने अनुसरण घेतले. विरक्ती खरी होती, याविषयी त्याच्या धाकट्या भावालाही कधी शंका आली नाही. मात्र कर्ज मागे राहिले, ते धाकट्याने सकाळच्या गाडीला लोंबकळत मुंबईची नोकरी करून हप्त्याहप्त्याने फेडले. एकदा त्याने थोरल्यास पत्राने एवढेच सुचविले की, मामांना दोन ओळी तरी लिहाव्यात. उत्तर आले की ज्या मनुष्याने ते कर्ज घेतले तो आता उरलेला नाही. कीटक भ्रमर झाला, त्याला कीटकाचा हिशेब विचारू नये.

त्यापुढील श्रावणात एक वृद्ध महात्मे दोन आठवड्यांसाठी त्या घरी उतरले होते. गॅलरीत कढीलिंबाची मोठी कुंडी होती. एके सकाळी आजींच्या लक्षात आले की झाडाच्या वरच्या फांद्या देठांपर्यंत खाल्ल्या गेल्या आहेत. पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखे काळेपांढरे ठिपके दिसत होते, ते नीट पाहता अळ्या निघाल्या. आजींना झाडाची काळजी वाटली, पण जीव मारणे शक्य नव्हते; कागदावर घेऊन खाली रस्त्याकडेच्या गवतात सोडाव्यात असा विचार झाला. त्याला नातीने हरकत घेतली. ती शाळेच्या सहलीत ठाण्याजवळ घोडबंदर रस्त्यावरील ओवळे गावी जाऊन आली होती. तेथे राजेंद्र ओवळेकर यांनी आपल्या शेतजमिनीत फुलपाखरांची वाडी वाढविली आहे. फुलझाडांबरोबर अळ्या ज्यांची पाने खातात ती झाडेही तेथे मुद्दाम लावलेली आहेत. नातीने तेथून एक गोष्ट पक्की लक्षात आणली होती की या अळीला गवत चालत नाही; कढीलिंब, लिंबू यांच्या कुळातलीच पाने लागतात, आणि गवतात सोडणे म्हणजे तिला उपाशी मारणे. अहिंसेचा हेतू शुद्ध असूनही ज्ञानाअभावी हिंसा कशी घडते याचे याहून जवळचे उदाहरण शोधावे लागणार नाही. अळ्या झाडावरच राहिल्या.

ही अळी ‘कॉमन मॉर्मन’ नावाच्या काळ्या पाकोळीची. महाराष्ट्राने २०१५ साली राज्य फुलपाखरू म्हणून ज्याला मान दिला त्या ‘ब्ल्यू मॉर्मन’ची ही जवळची नातलग. मादी कोवळ्या पानावर एकेक अंडे सुटे घालते. पान योग्य जातीचे आहे की नाही हे ती पायांनी चव घेऊन ठरविते. तीन-चार दिवसांत अळी बाहेर येते आणि बहुधा प्रथम आपले कवचच खाते. त्यानंतर तिला खाण्यावाचून दुसरा उद्योग नसतो. कातडे आवळू लागले की ती कात टाकते. अशा चार काती टाकेपर्यंत तिचे रूप विष्ठेसारखे असते, चौथ्या कातीनंतर मात्र ती पानासारखी हिरवीगार होते. डिवचले असता डोक्यामागून तांबूस दुशिंगी अवयव बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. दोन-तीन आठवडे असे गेल्यावर ती एकाएकी खाणे थांबविते, पोट रिकामे करते, फांदीवर रेशमाची गादी विणून शेपटीकडचा भाग त्यात अडकविते, कमरेभोवती रेशमाचाच एक धागा घेते आणि स्वस्थ होते. शेवटची कात पडते तेव्हा आत अळी नसते, कोश असतो. आसपासच्या रंगाप्रमाणे तो हिरवा वा तपकिरी होतो.

आपल्या भाषेत ‘सुरवंट’ म्हटले की अंगाला खाज आणणारा केसाळ किडा प्रथम डोळ्यांसमोर येतो. कढीलिंबावरची ही अळी गुळगुळीत असते. ‘कोश’ या शब्दानेही थोडा घोटाळा होतो. रेशमाच्या किड्याचा कोश हे विणलेले घर असते. पाकोळीचा कोश असा विणलेला नसतो, ते तिचेच अंग असते. कोश कापून पाकोळीला साहाय्य करणाऱ्या दयाळू मनुष्याची गोष्ट हल्ली उपदेशासाठी फार सांगितली जाते. त्यात कापले जाते ते घर नव्हे, प्रत्यक्ष कातडे, हे सांगणाऱ्यांच्या ध्यानी येत नाही.

याच गॅलरीच्या भिंतीवर, खिडकीच्या चौकटीखाली, मातीचे एक लहानसे मडके चिकटलेले होते. कुंभारीण नावाच्या गांधीलमाशीचे ते घर. रंगारी भिंत खरवडीत असता ते फुटले. त्यात तीन-चार लहान अळ्या आणि त्यांच्यावर पोसत असलेला एक पांढरा, पाय नसलेला किडा असे दृश्य दिसले. अळ्या मेलेल्या नव्हत्या, पण हलतही नव्हत्या. नातीने ते आजोबांच्या वयाच्या त्या महात्म्यांना आणून दाखविले. त्यांनी बराच वेळ निरखून पाहिले. ज्या न्यायावर त्यांनी आयुष्यभर प्रवचने ऐकली होती, त्यातील भ्रमराचे घर प्रथमच उघडे होऊन तळहातावर आले होते.

कुंभारीण अळीला दंश करून पंगू करते. मेली तर ती कुजेल, मोकळी राहिली तर धडपडून अंडे चिरडील, म्हणून ही युक्ती. मडक्याच्या छताला एका बारीक धाग्याने ती आपले अंडे टांगते, खाली पंगू अळ्यांचा साठा करते, तोंड मातीने बंद करते आणि निघून जाते. फ्रान्समधील कीटकनिरीक्षक फाब्र यांनी या टांगलेल्या अंड्याचे वर्णन फार बारकाईने केले आहे. अंड्यातून निघालेला किडा त्या अळ्या खाऊन वाढतो, तेथेच कोशात जातो आणि माशी होऊन मडके फोडून बाहेर पडतो. आत गेली अळी, बाहेर आली माशी. मधले काही कोणी पाहिले नाही. ज्याने दोन टोके पाहिली त्याने मधली कडी कल्पनेने जोडली. कीटक भ्रमर झाला नाही. भ्रमराच्या संततीचा आहार झाला.

येथे पूर्वपक्ष असा होईल : दृष्टांत एकदेशी असतो, त्याचे सर्व अंश घ्यावयाचे नसतात. मुखाला चंद्राची उपमा दिली म्हणून कोणी मुखावर डाग शोधीत नाही. म्हणून कीटकाचे प्रत्यक्षात काय होते याच्याशी कर्तव्य नाही, तद्रूपतेचा अंश तेवढा घ्यावा.

समाधान असे की, उपमेतील नको असलेला अंश सोडता येतो, पण ज्या अंशासाठी उपमा दिली तोच खोटा असला तर शिल्लक काय राहिले? चंद्र आल्हादक नसता तर मुखचंद्र हा शब्द निर्माणच झाला नसता. शिवाय भागवताचा मूळ श्लोक काळजीपूर्वक पाहता त्यात लोक समजतात तेवढे सांगितलेलेच नाही. पूर्वीचे रूप न टाकता कीटक भ्रमराशी समानता पावतो, असा त्याचा आशय आहे. रूप न टाकता लाभणारी समानता ही चित्ताच्या आकाराची म्हणता येईल, वस्तूच्या पालटाची नव्हे. नंतरच्या सांगणाऱ्यांनी ‘रूप न टाकता’ हे शब्द गाळले आणि त्यांच्या जागी पंख लावले. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चारही पदार्थ भिन्न आणि अनादि मानणाऱ्या दर्शनात जीव परमेश्वर होतो असे म्हणण्यास मुळीच जागा नाही. जीव बद्धमुक्त आहे, परमेश्वर नित्यमुक्त आहे. बद्ध जीव मुक्त होईल, त्या आनंदाचा भोक्ता होईल, पण जीवच राहील. तेव्हा श्लोकाचा सावध अर्थ घेणाऱ्यास काही गमवावे लागत नाही. परंतु ‘हे रोज घडते, पाहा’ अशा शब्दांत हा न्याय सांगणे मात्र थांबविले पाहिजे. ज्याने मडके फोडून पाहिले आहे अशा लहान मुलीसमोर ते सांगता येणार नाही, आणि जे तिच्यासमोर सांगता येत नाही ते इतरांसमोर का सांगावे?

मग कीटकभ्रमराच्या जागी अळी-पाकोळीचा दृष्टांत ठेवावा काय? येथे तर पालट खराच होतो. पण अधिक खोल गेल्यावर दिसते की ही अळी कोणाचे चिंतन करून पाकोळी होत नाही. युरोपातही पूर्वी असा समज होता की कोशात अळी मरते आणि तिच्या अवशेषांतून दुसराच प्राणी निपजतो. हॉलंडमधील यान स्वामरडाम यांनी सतराव्या शतकात सूक्ष्म शस्त्रांनी अळीचे कातडे सोडवून दाखविले की पुढील पाकोळीचे अवयव आत घडीबंद स्वरूपात आधीच आकार घेत असतात. पंखांची बीजे म्हणावीत अशा पेशींच्या लहान चकत्या अळीच्या छातीच्या भागात तिच्या बालपणापासून असतात. त्यांना उमलू न देणारा एक रस मेंदूमागील ग्रंथींतून स्रवतो. विगल्सवर्थ यांनी १९३० च्या दशकात त्याचा मागोवा लावला. तो रस असेपर्यंत प्रत्येक कातीनंतर अळीच निघते. तो ओसरला की कोश होतो. रेशमाच्या लहान अळीतील त्या ग्रंथी काढून टाकल्या असता ती वेळेपूर्वीच कोशात जाते आणि त्यातून बुटके पाखरू निघते.

म्हणजे जे व्हावयाचे ते तिच्यातच होते. प्रतिबंध ओसरताच ते प्रकट झाले. हे ऐकून एखादा म्हणेल की, जीवाचेही असेच : अविद्या गेली की आतले ब्रह्म प्रकटले. पुन्हा तोच घसरडा उतार. पाकोळीला कोणाच्या कृपेची अपेक्षा नाही, जीवाला परमेश्वराने ज्ञान दिल्यावाचून गत्यंतर नाही. तेव्हा मोक्षाच्या बाबतीत हाही दृष्टांत लंगडा पडतो. वस्तुतः अळीच्या देहात जे घडते ते सगळे कार्यरूप प्रपंचातले आहे. पृथ्वी, आप, तेज यांची एक मांडणी मोडते, दुसरी होते. त्यावरून जीवाविषयी काही सिद्ध करू पाहणे हे शास्त्रालाही मानवणार नाही आणि कीटकशास्त्रालाही. एक खोटा दृष्टांत काढून त्या जागी अतिताणलेला दुसरा बसविण्याचा मोह आवरलेला बरा.

मात्र एका मर्यादित प्रश्नाला ही अळी उत्तर देऊ शकते, आणि डोंबिवलीच्या त्या घरात अडलेला प्रश्न तोच होता : रूप पूर्ण पालटले म्हणजे पूर्वीचा संपला काय?

कोशात अळीचे पुष्कळसे अंग विरते हे खरे. पाने कुरतडणारे जबडे जातात, पोटाखालचे मांसल पाय जातात, पचनमार्ग नव्याने बांधला जातो. पण सगळेच विरते आणि आत केवळ रस उरतो ही समजूत चुकीची आहे. २०१३ साली इंग्लंडातील संशोधकांनी ‘पेंटेड लेडी’ या पाकोळीचा जिवंत कोश न फोडता क्ष-किरणांनी दिवसामागून दिवस पाहिला, तेव्हा श्वासनलिकांचे मुख्य जाळे कोशाच्या आरंभापासूनच जागेवर असलेले आढळले. मज्जातंतूंची नवी जुळणी होते, परंतु कित्येक जुन्या पेशी त्याच राहतात. २००८ साली अमेरिकेत याहून नवलाचा प्रयोग प्रसिद्ध झाला. तंबाखूवरील एका पतंगाच्या अळ्यांना विशिष्ट वास देऊन त्याच वेळी विजेचा सौम्य धक्का दिला, तेव्हा त्या तो वास टाळू लागल्या. पुढे त्यांचे पतंग झाले. पाय निराळे, तोंड निराळे, आहार निराळा, पंख तर सर्वस्वी नवे. तरीही अखेरच्या अवस्थेत शिकविलेल्या अळ्यांपासून झालेल्या पतंगांपैकी सुमारे तीन चतुर्थांश तोच वास टाळीत होते. फार लहान वयात शिकविलेल्यांत ही आठवण टिकली नाही. कोशाच्या उंबरठ्यावर जे भोगले ते कोशातूनही पलीकडे गेले.

बौद्धांच्या मिलिंदप्रश्नात या विषयावर एक मार्मिक संवाद आहे. जो जन्मतो तो पूर्वीचाच की दुसरा, असे मिलिंद राजा विचारतो. नागसेन म्हणतो, तोही नव्हे आणि दुसराही नव्हे. पण याचा लाभ उठवून कोणी कर्मातून सुटू पाहील, म्हणून तो आंबे चोरणाऱ्याचे उदाहरण देतो. चोर म्हणतो, मालकाने लावले ते आंबे निराळे, मी तोडले ते निराळे. मी त्याचे काहीच नेले नाही. राजा मान्य करतो की तरीही चोर दंडास पात्रच आहे, कारण हे आंबे त्या लावलेल्या आंब्यापासूनच झाले. लक्षात घेण्याजोगे हे की, स्थिर जीव न मानणारे दर्शनही ऋण बुडू देत नाही. मग जीव नित्य आहे, देह पालटले तरी तोच आहे, असे मानणाऱ्याने ‘तो मनुष्य उरला नाही’ असे कसे म्हणावे? स्मार्तांच्या संन्यासविधीत आत्मश्राद्ध आहे, लोकदृष्ट्या तो मनुष्य मृत समजला जातो. परंतु त्या परंपरेतही ऋणे फेडून मग मोक्षाकडे मन लावावे, असेच सांगितले आहे. अनुसरणाने नाती सुटतात, आसक्ती सुटते. दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवलेले ओझे मात्र आपोआप उतरत नाही. फार झाले तर ते कोणाच्या खांद्यावर आहे हे दिसेनासे होते.

महात्म्यांचा निघण्याचा दिवस जवळ आला तेव्हा पहिला कोश काळसर दिसू लागला. सकाळी सातच्या सुमारास तो वरच्या बाजूने उकलला आणि ओलसर, चुरगळलेल्या पंखांची पाकोळी बाहेर येऊन त्याच रिकाम्या कवचाला लोंबू लागली. पोटातील द्रव पंखांच्या शिरांत चढत गेला तसतसे पंख उलगडले. सोंडेच्या दोन सुट्या नळ्या तिने पुन्हा पुन्हा गुंडाळून, उलगडून जोडून घेतल्या. मग शेपटीकडून मळकट द्रवाचा एक थेंब फरशीवर पडला. कोशातील अवस्थांतरात साठलेला मळ होता तो. धाकटा भाऊ कामावर निघण्याच्या घाईत होता, पण पाहत थांबला. म्हणाला, “बाबा, ही आता पान खाणार नाही. तोंडच नाही तिला. मग झाड उघडे केले ते कोणी?”

“हिनेच,” बाबा म्हणाले. “दुसरे कोण आले होते येथे?”

“पण दादा म्हणतात, भ्रमर झालेल्याला कीटकाचा हिशेब विचारू नये.”

बाबा काही वेळ बोलले नाहीत. नंतर म्हणाले, “त्यांच्या अनुसरणाला मी बोट लावणार नाही. ते खरे आहे. पैसा त्यांच्याजवळ नाही, तो त्यांनी मागूही नये. पण माझे होते, एवढे म्हणायला पैसा लागत नाही. मी त्यांच्याकडे जातो आहे, बोलेन.” आणि दाराशी आल्यावर थोडे थांबून, “त्या मडक्याचेही सांगेन. मीही पुष्कळदा ते तसेच सांगितले आहे.”

दिवाळीच्या सुमारास मामांना पत्र गेले. त्यात रक्कम नव्हती आणि क्षमेची लांबलचक भाषाही नव्हती. कर्ज आपण घेतले होते, धाकट्याने फेडले, त्याचे श्रम आपल्या नावावर आहेत, इतकेच होते. मामांनी ते पत्र धाकट्याला वाचावयास दिले. राहिलेले दोन हप्ते त्याने पूर्वीसारखेच भरले. आजी त्या वर्षी आमटीच्या फोडणीसाठी कढीलिंब स्टेशनजवळच्या बाजारातून आणीत होत्या. कुंडीतल्या झाडाला देठांच्या बगलेत नवे फुटवे आले होते, आणि त्यांतल्या एका पानावर मोहरीएवढे पिवळसर अंडे होते.